तक्त्यातलं शून्य

आमच्या घरात पाय हलवत बसायला बंदी होती. पाय हलवला की घरातली लक्ष्मी उठून जाते, असं आई म्हणायची. तसं पाहिलं तर माझ्या पायांपायी आमची लक्ष्मी दिवसातून दहा वेळा तरी उठून अंगणाच्या पायरीपर्यंत जाऊन आली असेल. मला स्वस्थ बसताच यायचं नाही. जेवताना, वाचताना, देवळात, परीक्षेच्या बाकावर, कुठंही टेकले की उजवा पाय आपला सुरू. अजूनही तेच. हे लिहितेय आणि टेबल हलतंय.

मी नववीत होते त्या वर्षी गणपती गेले, आणि पुढच्याच आठवड्यात बाबा आमच्या आंब्याच्या कलमांतून घरी येताना पायवाटेवर बसले ते त्यांना उठता येईना. अर्धांगवायू. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडातले शब्द, तिन्ही एका दुपारी गेले. दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आणले तेव्हा ते फक्त ‘हा, हा’ एवढंच म्हणत होते. तहान लागली तरी हा, हा. राग आला तरी हा, हा. आमच्या घरात एक उजवा पाय थांबत नव्हता आणि दुसरा हलत नव्हता. त्या दिवसांत आई माझ्या पायावर फार चिडायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

आमचं गाव तळेऱ्याहून विजयदुर्गाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत. घरामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आमची हापूसची कलमं, आणि त्यांतलं झाडन् झाड बाबांच्या हातचं. बांबूच्या टोकाला जाळी बांधलेला झेला घेऊन ते फांदीवर असे उभे राहायचे की खालून बघणारा नकळत खोड धरायचा. आणि त्यांचा आवाज. वाडीत कुणाचं घर बांधून झालं, कुणी गाडी घेतली, कुणाचं पोर आजारी पडलं की देवाला गाऱ्हाणं घालायला बाबांना बोलावणं यायचं. नारळ हातात घेऊन ते त्या घरातल्यांचं म्हणणं देवाला खड्या आवाजात सांगायचे आणि जिथं थांबतील तिथं सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. तो माणूस आता पडवीतल्या बाकड्यावर बसून हा, हा करत होता. मला ते ऐकवायचं नाही. मी उठून जायचे. कुठंही, विहिरीवर, गोठ्यात, पण उठून जायचे.

दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आईला सगळं दाखवून ठेवलं होतं. पाय गुडघ्यात दुमडायचा, सरळ करायचा, पाऊल वर दाबून धरायचं, हाताची बोटं एकेक करून उघडायची. दिवसातून तीनदा. आई खोबरेल तेल कोमट करून घ्यायची आणि अर्धा अर्धा तास त्या पायाशी झुंजायची. बाबांना दुखायचं. डाव्या हाताने ते तिचा हात ढकलायचे. एकदा तेलाची वाटी त्यांनी अंगणात उडवून दिली. आई वाटी उचलून आली आणि परत बसली. तिच्या जागी मी कधीच टिकले नसते.

दिवाळीनंतर शाळेत विज्ञान प्रदर्शनाचं वारं सुरू झालं. आमच्या सरांनी प्रत्येकाला एकेक विषय दिला. कुणाला ज्वालामुखी, कुणाला गांडूळखत. माझ्या पायाकडे बघत ते म्हणाले, ‘‘तू प्रतिक्षिप्त क्रिया घे. साहित्य तुझ्याकडे तयारच आहे.’’ वर्ग हसला. मला राग आला, पण विषय आवडला. विस्तवाला हात लागला की आपण विचार करायच्या आत तो मागे येतो. डोळ्यावर उजेड मारला की डोळ्यातली बाहुली लहान होते. आणि गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच ठोकलं की पाय आपोआप पुढं उडतो. न विचारता होणाऱ्या गोष्टी. मला वाटलं, हा विषय माझ्यासाठीच केलाय.

हातोडी घरीच बनवली. पेरूच्या फांदीचा दांडा आणि त्याला स्लीपरच्या टाचेचा कापलेला तुकडा. स्लीपर बाबांची होती, उजव्या पायाची. ती भिंतीशी नुसती पडून असायची. आईनं कापलेली स्लीपर बघितली आणि तिचा चेहरा उतरला.

‘‘हे चलाक लागल्यार मगे पायात काय घालतले?’’

मी म्हटलं, ‘‘नवी आणूया.’’

डाव्या पायाची स्लीपर तिनं उचलली, धुतली आणि आत नेऊन ठेवली. तिच्या मनात ते चालणारच होते. माझ्या मनात ते कायमचे बसलेले होते, नाहीतर मी त्या स्लीपरला सुरी लावली नसती. हे मला तेव्हा कळलं नाही असं नाही. कळलं, आणि मी ते ढकलून दिलं.

मग मी वाडीभर गुडघे ठोकत सुटले. पायामागे पुठ्ठा धरायचा, पाय उडाला की खडूनं खूण करायची आणि किती बोटं उडाला ते मोजायचं. मासे विकायला येणारी काकी टोपली डोक्यावरून उतरवून आमच्या पायरीवर बसली आणि तिचा पाय असा उडाला की पुठ्ठाच पडला. ‘‘गो बाये, माझ्या पायात अजून दम आसा,’’ असं म्हणून ती दिवसभर खूष. शेजारचे थोरले काका, म्हणजे बाबांचे चुलत भाऊ, त्यांचा पाय उडेचना, कारण ते घाबरून पाय आवळून धरायचे. त्यांना मी सांगितलं, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा आणि जोरात ओढा. ओढताना लक्ष तिकडे गेलं आणि पाय उडाला. काकांनी पायाला शिवी दिली.

चार दिवसांत माझा तक्ता भरला. तीन बोटं, चार बोटं, चार, पाच, तीन. सर म्हणाले, ‘‘चांगलंय. पण सगळं एकसारखंच आहे. काहीतरी वेगळं दाखवता आलं तर बघ. तुलना पाहिजे.’’

घरी येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माझ्या तक्त्यात शून्य नव्हतं. न उडणारा एक पाय मिळाला असता तर तक्ता उठून दिसला असता. आणि न उडणारा पाय माझ्या घरातच होता. हे मी विचार करून ठरवलं, विस्तवावरून हात मागे घ्यावा तसं ते काही आपोआप झालं नाही. म्हणून ते आजही मला टोचतं.

बाबा पडवीतल्या उंच बाकड्यावर पाय खाली सोडून बसले होते. दुपारचं ऊन अंगणातल्या सुपाऱ्यांवर होतं. मी त्यांना म्हटलं, ‘‘बाबा, शाळेचा आसा, जरा बघतंय हां.’’ ते हा, हा म्हणाले. आधी डावा पाय. चार बोटं. मग मी उजव्या गुडघ्याशी बसले, पुठ्ठा धरला, वहीत आधीच शून्य लिहून ठेवलं आणि ठोकलं.

पाय उडाला. नुसता उडाला नाही, सटकन पुढं गेला, पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला लागला, परत आला आणि पुन्हा थोडा उडाला. मी मोजली. सात बोटं. मी दुसऱ्यांदा ठोकलं. सात. बाबा त्या पायाकडे असे बघत होते जसा तो पाय शेजारून कुणी आणून लावलाय.

मी ओरडतच आत गेले. आई भाकरी थापत होती, पिठाच्या हातानेच बाहेर आली.

‘‘परत मार,’’ ती म्हणाली.

मी मारलं. पाय उडाला. आई मटकन पायरीवर बसली आणि पिठाचे हात तिनं तोंडावर धरले. बाबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, मग उजव्याही. मीही रडले. आम्ही तिघं रडत होतो आणि तव्यावरची भाकरी जळत होती.

‘‘पाय जागो झालो,’’ आई म्हणाली. ‘‘देवान आयकल्यान.’’

वहीतलं शून्य खोडून मी सात लिहिलं. पुढं कंसात लिहिलं, ‘सुधारणा’.

त्याच संध्याकाळी वाडी आमच्या अंगणात जमली. थोरल्या काकांनी नारळ हातात घेतला. एरवी त्या जागेवर बाबा असायचे, आज ते बाकड्यावर होते आणि त्यांच्यासाठी गाऱ्हाणं दुसरा कुणी घालत होता.

‘‘बा देवा म्हाराजा,’’ काकांनी सुरुवात केली.

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘आज तुझ्या लेकराचो पाय तू जागो केलंस.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

या वेळी सगळ्यांच्या आवाजात एक जाड, ओला आवाज होता. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. तो बाबांचा होता. काका थांबले. मग घसा साफ करून म्हणाले, ‘‘तसोच तेका चलतो कर, आणि शिवरात्रीक तो कुणकेश्वराच्या पायऱ्यो आपल्या पायान चडांदे.’’ बाबा पुन्हा म्हणाले, व्हय म्हाराजा. शेवटी नेहमीचं, ‘‘काय चुकला माकला असात ता पोटात घाल,’’ आणि त्यावरही बाबा. पाय आणि वाचा, दोन्ही एकाच दिवशी. काकू पदरानं डोळे पुसत होत्या. सगळे माझ्याकडे असे बघत होते जसं हे मीच केलंय. मला ते आवडलं, कशाला खोटं बोलू.

त्यानंतर आमच्या घरी माणसं पाय बघायला यायला लागली. केळी घेऊन यायची, बाकड्यासमोर बसायची आणि मला म्हणायची, ‘‘दाखय गो जरा.’’ मी हातोडी आणायचे. ठक. पाय उडायचा. बाबा तिरकं हसायचे. पंधरा दिवसांत मी तो खेळ किती वेळा केला असेल देव जाणे.

आणि तेलाची वाटी फडताळात गेली. एकदम नाही. आधी तीनदाचं दोनदा झालं, मग एकदा, मग आई म्हणाली, ‘‘देवान हात लावल्यान आसा. आता आपण कित्याक ओढाताण करूची?’’ कलमांना मोहोर फुटायला लागला होता, फवारणी डोक्यावर होती, ती एकटी सड्यावर पळत होती. बाबांनाही ओढाताण नकोच होती. पाय तर जागा झालाच होता. सात बोटं उडणाऱ्या पायाला कशाला व्यायाम, असं मलाही वाटलं.

तालुक्याचं प्रदर्शन दुसऱ्या एका हायस्कुलात होतं. सकाळच्या एसटीनं मी आणि सर तक्ते सांभाळत गेलो. माझ्या टेबलावर हातोडी, पुठ्ठा, टॉर्च आणि मेरुरज्जूचं रंगवलेलं चित्र. चित्राखाली मोठ्या अक्षरात मी लिहिलं होतं, ‘प्रतिक्षिप्त क्रियेचा संदेश मेरुरज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच परत येतो. तो मेंदूच्या आज्ञेची वाट पाहत नाही.’ पुस्तकातलंच वाक्य होतं. मला ते झोपेतही म्हणता आलं असतं.

परीक्षक म्हणून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातोडीचं कौतुक केलं, स्वतःचा गुडघा ठोकून घेतला. मग त्यांचं बोट तक्त्यावरून खाली सरकत शेवटच्या ओळीवर थांबलं.

‘‘हे कोण? सात बोटं?’’

मी छाती काढून सांगितलं. वडील. अर्धांगवायू. तीन महिन्यांपूर्वी. आता पाय बरा होतोय, डाव्यापेक्षा जास्त उडतो. बोलतातसुद्धा, गाऱ्हाण्याला व्हय म्हाराजा म्हणतात.

त्या टेबलाच्या माझ्या बाजूला आल्या आणि चित्राखालच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘‘हे वाच बरं.’’

मी वाचलं. घडाघडा.

‘‘आता सावकाश वाच.’’

मी सावकाश वाचलं. ‘मेंदूच्या आज्ञेची वाट पाहत नाही’ इथं आले आणि माझी जीभ अडखळली.

‘‘सर वर्गाबाहेर गेले की तुम्ही काय करता?’’ त्यांनी विचारलं.

‘‘दंगा.’’

‘‘मेंदू या उड्यांना धाक घालून ठेवतो. म्हणून चांगल्या पायाला चार बोटं. तुझ्या बाबांच्या उजव्या पायाला आता मेंदूचा धाक पोचत नाही. म्हणून सात. पाय बरा झालाय म्हणून तो जास्त उडत नाहीये. उलट आहे ते.’’

मी म्हटलं, ‘‘आणि बोलतात ते?’’

‘‘पाठ असलेलं टिकतं बरेचदा. प्रार्थना, गाणी, शिव्यासुद्धा. ते चांगलंच आहे, पण त्याला बोलणं आलं असं नाही म्हणता येणार.’’ मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘हे बघ, पाय सुधारू शकतो. पण व्यायामानं. आणि हेच पहिले काही महिने महत्त्वाचे. घरी करतंय ना कुणी? रोज तीनदा?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं.

हे ‘हो’ मात्र विचार करायच्या आत आलं.

मला दुसरा क्रमांक मिळाला. प्रमाणपत्र, एक कंपासपेटी, टाळ्या. परतीच्या एसटीत माझा पाय इतका हलत होता की पुढच्या सीटवरच्या बाई दोनदा वळल्या. सरांनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, व्यायाम बंद झाल्याचंही. ‘‘तो तक्ता मी तपासला होता,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी येऊ का घरी सांगायला?’’ मी नको म्हटलं. मीच सांगेन म्हटलं. फार शहाणी होते मी.

सांगितलं नाही. अंगणात शिरले तर आईनं प्रमाणपत्र हातात घेऊन देवासमोर ठेवलं आणि मला गुळाचा खडा दिला. गूळ तोंडात असताना कसं सांगणार. उद्या सांगू. उद्या फवारणीची माणसं आली. परवा आईचं डोकं दुखत होतं. असे अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत मी एका जागी पाच मिनिटं बसले नसेन. शाळेतून येताना पाय भराभर पडायचे आणि घर दिसलं की जड व्हायचे. रोज एक दिवस वाया जातोय, मेंदू आणि पाय यांच्यातली वाट रोज थोडी बुजतेय, आणि हे आख्ख्या घरात एकटीला मला माहीत आहे. आणि आई? ती शिवरात्रीला बाबांना नेसायला नवं धोतर काढून ठेवत होती.

मी चोरून व्यायाम सुरू केले. शाळेत जायच्या आधी तेल घेऊन बसायचे, ‘जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी लागतंय’ असं काहीतरी सांगायचे. बाबा पाय दुमडू द्यायचे नाहीत. डाव्या हाताने फडताळाकडे बोट करायचे, जिथं हातोडी ठेवली होती. त्यांना ती पाहिजे असायची. त्यांना पाय उडताना बघायचा असायचा. आई आतून ओरडायची, ‘‘कित्याक छळतंस तेंका?’’ आणि मी वाटी ठेवून उठायचे.

बाराव्या दिवशी शाळेतून आले तर बाबांचा ओठ फाटलेला आणि कपाळाला टेंगूळ. आई मात्र हसत होती. ‘‘स्वताच उठाक बघल्यानी,’’ ती म्हणाली. ‘‘खांबाक धरून. पडले, पण उठाक बघल्यानी.’’ बाबा ओठाला थंड पाण्याचं फडकं लावून बसले होते आणि पायाकडे बघत होते. त्यांना कळेना की जो पाय एवढा उडतो तो त्यांना उभं का करत नाही. ते मला त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. माझ्यावर विश्वास ठेवून ते पडले होते. मला स्वतःची इतकी चीड आली की मी ती हातोडी घेतली आणि विहिरीच्या कडेच्या दगडावर तिचा दांडा मोडला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आई सकाळीच सड्यावर गेली. मी बाबांसमोर उभी राहिले. आधी यांना सांगायचं, मग आईला, असं मी ठरवलं होतं. ‘‘बाबा, माका तुमका एक सांगूचा आसा,’’ मी म्हटलं. ते म्हणाले, हा, हा. मी म्हटलं, ‘‘पाय जागो झालेलो नाय.’’ ते म्हणाले, हा, हा. त्यांना कळलं की नाही ते मला कळेना. त्या हा, हा मधून माणूस आत पोचतोय की दारावरूनच परत येतोय, याचा काही पत्ताच लागायचा नाही. मी पडवीत येरझाऱ्या घालायला लागले. चार पावलं तिकडे, चार पावलं इकडे. आणि मग मला एकच गोष्ट सुचली, ज्याला ते वेगळं उत्तर द्यायचे.

मी देव्हाऱ्याकडे तोंड करून उभी राहिले. मुली गाऱ्हाणं घालत नाहीत आमच्याकडे. पण बघायला कोण होतं.

‘‘बा देवा म्हाराजा,’’ मी म्हटलं. माझा आवाज बारीक निघाला.

मागून, जाड जिभेनं, ‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘आज ह्या घराचा चेडू तुझ्यासमोर उभा आसा.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘चेडवान बापाशीच्या पायार हातोडी मारल्यान आणि पाय उडलो. चेडवान घरभर सांगल्यान, पाय जागो झालो.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘ता खोटा, देवा म्हाराजा. पाय जागो झालेलो नाय. तो उडता, कारण तो मेंदूचा आयकणा नाय.’’

थोडा वेळ लागला. मग, ‘‘व्हय म्हाराजा.’’

मी वळले नाही. वळले असते तर मला पुढचं बोलता आलं नसतं. ‘‘तेका चलूक होया तर दुखला तरी पाय ओढूक होयो. दिवसाक तीनदा. चेडवाक ता म्हायत होता आणि ता बारा दिवस गप रवला.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

आता शेवटचं राहिलं होतं. ते मला कुणालाच सांगायचं नव्हतं, डॉक्टरीणबाईंना नाही, सरांना नाही. पण गाऱ्हाणं अर्धं सोडत नाहीत. ‘‘आणि देवा म्हाराजा, चेडवान हातोडी मारल्यान ती पाय बरो होवचो म्हणान नाय. तेका तक्त्यात शून्य होया होता. बापूस बरो होतलो असा तेका वाटलाच नव्हता. चेडवाची चूक झाली. ती पोटात घाल.’’

मी थांबले.

या जागेवर व्हय म्हाराजा येतं. चुकला माकला पोटात घाल म्हटलं की रांगणारं पोरसुद्धा तोंड उघडतं. या जागेवर न बोललेला माणूस मी आजवर बघितलेला नाही. मी वाट बघितली. मागे काहीच आवाज नव्हता. मी वळले.

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांचा फाटका ओठ हलत होता, काहीतरी जुळवत होता, जुळलेलं निसटत होतं. डाव्या हाताने त्यांनी बाकडं घट्ट धरलं होतं. कपाळावर घाम आला होता.

‘‘नाय,’’ ते म्हणाले.

गाऱ्हाण्यात हा शब्द कधीच येत नाही. मग पुन्हा, मान हलवत, डावा हात माझ्याकडे पुढं करून, ‘‘नाय.’’

मी तिथंच खाली बसले. तेव्हा मला दारात आई दिसली. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात फवारणीचा रिकामा कॅन. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना, आणि मी रडत रडत तिला सगळं सरळ सांगायला लागले, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, सर काय म्हणाले. तिनं हात वर करून मला थांबवलं. कॅन कोपऱ्यात ठेवला. मोरीत जाऊन साबणानं दोनदा हात धुतले. स्वैपाकघरात फडताळ उघडल्याचा आवाज आला.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तेलाची वाटी होती. डोळे लाल होते.

‘‘दिवसाक कितीदा सांगल्यान त्या डॉक्टरणीन?’’

‘‘तीनदा.’’

तिनं अंगणातल्या उन्हाकडे बघितलं. ‘‘सकाळची चुकली,’’ ती म्हणाली. ‘‘मगे आज दोनदा रवली.’’

ती बाकड्यासमोर जमिनीवर बसली आणि मांडीवर फडकं पसरलं. बाबांनी तिच्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. या वेळी त्यांनी फडताळाकडे बोट केलं नाही. ते वाकले, डाव्या हाताने उजव्या पायाची नडगी पकडली, आणि दात आवळून, थोडा थोडा करत, तो जड पाय उचलून त्यांनी स्वतः आईच्या मांडीवर ठेवला.